ग्रोथ स्कॅनचा रिपोर्ट वाचताना वजनाचा आकडा आधी झाका

बाळांच्या वाढीच्या आमच्या अभ्यासात गरोदर बाईच्या पोटाची उंची मोजताना टेप उलटी धरतात. आकडे पोटाकडे, कोरी बाजू आपल्याकडे. गर्भाशयाचा वरचा काठ बोटांनी चाचपायचा, टेपचं टोक तिथे धरायचं, खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत आणून चिमटीत पकडायचं आणि मगच उलटून आकडा वाचायचा. अठ्ठावीस आठवडे झालेत हे आधी ठाऊक असलं, की बोट आपसूक अठ्ठावीस सेंटीमीटरवर सरकतं. माझंही सरकायचं, म्हणून सांगते.

बाळांची वाढ मोजण्यात आणि वार (प्लॅसेंटा) नीट काम का करत नाही हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. ओळखीपाळखीतून ग्रोथ स्कॅनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाची वाढ मोजणाऱ्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचे फोटो येतात आणि त्यात एकाच आकड्याभोवती गोल काढलेला असतो: वजन. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. तो आकडा अंगठ्याने झाका. आधी बाकीचं वाचू, तो शेवटी.

सुरुवात तारखेपासून. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद शोधून काढा. त्यावर सीआरएल लिहिलेलं असतं, म्हणजे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. ती 45 ते 84 मिलिमीटर असताना काढलेले आठवडे फार भरवशाचे, कारण त्या दिवसांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात. पाळीची तारीख पक्की आठवत असली तरी बीज उशिरा सुटलेलं असू शकतं. त्या कागदावरून डॉक्टरांनी एकदा ड्यू डेट ठरवली, की ती शेवटपर्यंत तीच.

घोळ होतो तो पुढे. नंतरच्या प्रत्येक स्कॅनला मशीन त्या दिवशीच्या मापांवरून आणखी एक ड्यू डेट छापतं. तिसाव्या आठवड्यात बाळ अठ्ठावीस आठवड्यांच्या मापाचं भरलं, तर मशीनच्या लेखी गर्भच अठ्ठावीस आठवड्यांचा. तारीख पुढे ढकलली की बाळ झालं नॉर्मल! जे शोधायला स्कॅन केला, तेच पुसलं गेलं. ही छापील तारीख मी पेनाने खोडते.

एका आठवड्याने काय बिघडतं ते आकड्यांतच बघा. अमेरिकेतले डॉक्टर हॅडलॉक यांच्या 1991 च्या तक्त्यात 32 आठवड्यांच्या बाळाचं मधलं वजन 1953 ग्रॅम आहे आणि दहाव्या पर्सेंटाइलची रेघ, म्हणजे शंभरातली दहा बाळं जिच्या खाली असतात ती, 1621 ग्रॅमवर. 31 आठवड्यांना तीच रेघ 1453 वर येते. आता 1550 ग्रॅमचं बाळ घ्या. बत्तीस आठवडे मोजले तर ते रेघेच्या खाली, एकतीस मोजले तर वर. बाळ तेच, कागद वेगळा.

तारीख पक्की झाली की मापांकडे या. बीपीडी आणि एचसी ही डोक्याची मापं, एफएल मांडीच्या हाडाचं आणि एसी पोटाच्या घेराचं. यातलं एसी नीट बघा. बाळ साखरेचा साठा यकृतात ठेवतं आणि वारेकडून पुरवठा कमी पडला की तो साठा आधी आटतो. त्यामुळे डोकं वाढत राहतं आणि पोट मागे पडतं. तिसाव्या आठवड्याच्या आसपास एसी आठवड्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतं. डोकं, मांडी, पोट सगळंच सारखं लहान असेल आणि आधीपासून तसंच असेल, तर तो मुद्दा वेगळा. घडणच लहान असू शकते, क्वचित दुसरं कारणही असतं, आणि ते डॉक्टर शोधतात.

पण एसी हेच घ्यायला सगळ्यात अवघड माप आहे. पोटाचा छेद आडवा आणि गोल हवा, जठराचा काळा ठिपका दिसायला हवा, नाळेची शीर यकृतात आत वळताना दिसायला हवी आणि मूत्रपिंड अजिबात दिसता कामा नये. मूत्रपिंड दिसलं, की छेद खाली घसरला किंवा तिरका गेला असं समजावं. एकदा तिसाव्या आठवड्यात मी स्वतः 278 मिलिमीटर एसी लिहिलं. दोन आठवड्यांनी त्याच बाईचं भरलं 281. बाळाची वाढ थांबली, म्हणून धावपळ सुरू झाली. जुनी चित्रं उघडली, तर माझा गोल गोल नव्हताच, लांबट अंडं होतं आणि त्याच्या कडेला मूत्रपिंड स्वच्छ दिसत होतं. पहिलं माप मीच फुगवलं होतं. बाळ ठीक होतं, पण त्या बाईच्या दोन रात्री माझ्यापायी वाया गेल्या. तेव्हापासून मी आधी चित्र बघते, मग आकडा. तुम्हालाही चित्र दाखवून विचारता येतं: जठर कुठे आहे? पोट गोल आलंय का? चांगला सोनोलॉजिस्ट या प्रश्नावर चिडत नाही.

आता अंगठा काढा. हे वजन कुणी तराजूवर केलेलं नाही. वरची मापं एका सूत्रात घालून काढलेला तो अंदाज आहे आणि बहुतेक ठिकाणी सूत्र हॅडलॉक यांचंच, 1985 चं. चांगल्या हातांतही तो 10 ते 15 टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. 1550 ग्रॅम म्हणजे खरं तर 1400 ते 1700 मधलं काहीतरी. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आठवड्याला 200 ग्रॅमच्या आगेमागे वाढतं. म्हणजे आठवड्याभराच्या वाढीएवढी तर मापातच चूक असू शकते. म्हणून वाढ बघण्यासाठी दोन स्कॅनमध्ये निदान दोन आठवडे हवेत, तीन असले तर आणखी बरं. मन राहत नाही म्हणून पाच दिवसांनी दुसरीकडे जाऊन वजन काढून आणणं म्हणजे पैसे देऊन घोर विकत घेणं. डॉपलरसाठी, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायला, किंवा बाळाभोवतीचं पाणी बघायला डॉक्टरांनी लवकर बोलावलं असेल तर अवश्य जा. ते वाढ मोजायला नसतं.

पर्सेंटाइलच्या शेजारी कुठला तक्ता वापरला ते बारीक अक्षरात असतं, तेही वाचा. हॅडलॉक यांच्या तक्त्यामागे टेक्सासमधल्या बायका आहेत. 2014 मध्ये इंटरग्रोथ-21 चे तक्ते आले, ते आठ देशांतल्या निरोगी, पोटभर खाणाऱ्या मातांच्या बाळांवरून, आणि त्यात आपलं नागपूरही होतं. तिथे माप घेणाऱ्याला स्क्रीनवरचा आकडा दिसू देत नसत आणि प्रत्येक माप तीनदा घेत. आमची उलटी टेप त्याच जातीची. मुद्दा हा, की मागचा पर्सेंटाइल एका तक्त्यावरचा आणि आजचा दुसऱ्यावरचा असेल, तर त्यांची तुलना होत नाही. दोन्ही वजनं एकाच तक्त्यावर मांडून मागा.

दहाव्या पर्सेंटाइलच्या खालचं बाळ लहान आहे, एवढंच त्या आकड्यातून कळतं. त्यातली पुष्कळ बाळं ठणठणीत असतात. तिसऱ्याच्या खाली मात्र गंभीरपणे घेतात. आणि जे बाळ साठाव्यावरून पंधराव्यावर उतरलं, ते दहाच्या वर असूनही माझ्या दृष्टीने आधी बघण्यासारखं. बाराव्यावर सुरुवातीपासून निवांत बसलेल्या बाळाची मला कमी काळजी वाटते.

मग डॉपलर. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरून त्यांच्या भिंती सैल करतात, म्हणजे रक्त भरपूर आणि संथ येतं. हे काम अर्धवट राहिलं की पुढे बाळाची वाढ खुंटते, आईचं बीपी चढतं, कधी दोन्ही. नाळेच्या धमनीचं चित्र डोंगरांच्या रांगेसारखं दिसतं. प्रत्येक ठोक्याला एक डोंगर. दोन डोंगरांमधली दरी खालच्या रेघेला टेकता कामा नये. टेकली, तर त्याला एईडीएफ लिहितात. रेघेच्या खाली गेली, तर आरईडीएफ. ही अक्षरं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पण नाळेचं डॉपलर नॉर्मल म्हणून निर्धास्तही राहू नका. 32 आठवड्यांनंतर खुंटलेल्या वाढीत ते बऱ्याचदा चांगलंच येतं, म्हणून तेव्हा बाळाच्या मेंदूच्या धमनीचं, एमसीएचं, डॉपलर सोबत लागतं.

रिपोर्ट वाचत बसायचंच नाही अशाही वेळा आहेत: बाळाची हालचाल कमी वाटणं, अंगावरून रक्त जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं, बीपी 140/90 किंवा वर. अशा वेळी सरळ दवाखान्यात.

आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं किंवा बाळ फार लहान झालं होतं, तर पुढच्या खेपेला हे बाराव्या आठवड्याच्या सुमाराला सांगा, सातव्या महिन्यात नको. 2017 च्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात जास्त धोक्याच्या बायकांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा 37 आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजाराचं, प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. गोळी सुरू करायची का, ते डॉक्टर ठरवतील, पण सोळा आठवडे उलटले की तिचा उपयोग बराच कमी होतो.

राहिली फाइल. सगळे कागद तारखेने लावा, पहिल्या तिमाहीचा सगळ्यात वर. गुळगुळीत कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ती हळूहळू फिकी पडतात. आणि आठवण म्हणून ती लॅमिनेट करायला देऊ नका. तो थर्मल कागद असतो, लॅमिनेशनच्या उष्णतेने काळाठिक्कर होऊन बाहेर येतो.