धातू मुरलेल्या जमिनीत झाडं लावायच्या आधीची तयारी

बॅटऱ्या फोडायच्या जुन्या जागेशेजारची नाहीतर कारखान्याच्या नाल्याकाठची जमीन झाडं लावून साफ करायचं डोक्यात असेल तर बी आणायच्याही आधी एक ठरवा, कापलेला पाला जाणार कुठे. शिसं, कॅडमियम कुजत नाही, जिवाणू ते खाऊन संपवत नाहीत, मातीतून पाल्यात जातं एवढंच, आणि तो पाला उकिरड्यावर टाकला की केलेलं सगळं पाण्यात. उघड्यावर जाळायचा तर अजिबात नाही. ताडपत्रीवर वाळवून गोण्या भरायच्या आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीकडे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत तिथे आधीच फोन करून घेतात का, काय रेट लावतात ते विचारून ठेवा.

मग माती. नेहमीच्या एनपीकेच्या (नत्र, स्फुरद, पालाश) तपासणीत शिसं वगैरे येत नाही, लॅबला धातूंची नावं घेऊन सांगावं लागतं. नागमोडी चालत 15-20 ठिकाणी व्ही आकाराचा 15 सेंमीचा खड्डा, कडेची माती खरवडून प्लास्टिकच्या बादलीत, गॅल्व्हनाइज्ड घमेलं नको कारण त्याचं जस्त रिपोर्टमध्ये उतरू शकतं. सामू (पीएच) पण काढून घ्या, चुनखडीच्या काळ्या जमिनीत बरेचसे धातू घट्ट बसतात, झाडाला ओढता येत नाहीत.

आता कॅल्क्युलेटर काढा, हे कुणी करत नाही. एकरभर 15 सेंमी माती म्हणजे साधारण 900 टन, त्यात किलोला 500 मिग्रॅ शिसं धरलं तर झालं 450 किलो. धातू ओढायला मोहरी लावली, तिचा वाळलेला पाला समजा 2 टन निघाला आणि त्यात किलोला 200 मिग्रॅ शिसं आलं, तर एका हंगामात गेलं 400 ग्रॅम! म्हणून माझं मत, शिसं बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका, जागच्या जागी धरून ठेवा, शेणखत घाला, वाळा दाट लावा, वाळा बराचसा धातू मुळांमध्येच ठेवतो. ईडीटीए, म्हणजे मातीतला धातू सुटा करणारं रसायन, टाकून झाडाची ओढ वाढते खरी पण सुटलेलं शिसं विहिरीतही उतरतं. आर्सेनिकची गोष्ट वेगळी, आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारं एक नेचं, टेरिस व्हिटाटा, पानात 2 टक्क्यांपर्यंत आर्सेनिक साठवू शकतं हे 2001 मध्ये फ्लोरिडातल्या लोकांनी दाखवलं, तिथे काढायचा प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

मायकोरायझा (मुळाशी जोडून झाडाला अन्न-पाणी पुरवणारी बुरशी) आणि जिवाणू खत कृषी केंद्रात मिळतं, एक्सपायरी बघून घ्या, उन्हात ठेवू नका, आणि ज्या बियाण्याला ते लावलं त्यालाच बुरशीनाशक चोळू नका नाहीतर पैसे वाया. डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा पण नको, स्फुरद जास्त झालं की मायकोरायझा मुळाला नीट धरत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), जिवाणू आणि मायकोरायझा घालून झाडी उभी केली, म्हणजे नुसत्या रोपांवर भागत नाही.

हातमोजे, मास्क, वेगळे बूट घ्या, बूट घरात आणायचे नाहीत. कुंपण आधी, लावणी नंतर, शेळ्या वाट बघत नाहीत. मोहरी लावलीच तर शेंगा धरायच्या आधी कापा, कोवळा पाला कुणी भाजीला खुडून नेणार नाही असं बघा. आणि वाळ्याची मुळं माठात टाकायला मागायला कुणी ना कुणी येणारच, कितीही ओळखीचा असला तरी द्यायची नाहीत.