जीनोमवरून (संपूर्ण डीएनएवरून) पक्ष्यांच्या प्रजाती ठरवताना या चुका टाळा

पुण्यातल्या विद्यार्थ्यांचे पक्षी-जनुकशास्त्रावरचे मसुदे मी नेहमी वाचतो. त्यांतली सर्वांत घातक चूक विश्लेषणाच्या आधी, नमुने गोळा करतानाच झालेली असते. एका विद्यार्थ्याने सह्याद्रीतल्या एका रहिवासी पक्ष्याचे नमुने फक्त भीमाशंकर आणि कोडगू येथून आणले होते. जनुकीय फरकांच्या आलेखात, जिथे एक ठिपका म्हणजे एक पक्षी, ठिपक्यांचे दोन ठळक पुंजके दिसत होते आणि मसुद्यात नव्या प्रजातीचे नावही लिहून झाले होते. कोयना, आंबोली किंवा शरावतीच्या खोऱ्यातला एकही पक्षी त्यात नव्हता. पक्षी आसपासच्याच पक्ष्यांशी जोड्या जमवतात, त्यामुळे अंतर वाढेल तसा जनुकीय फरक हळूहळू वाढत जातो. मधला पट्टा वगळला की तोच सौम्य उतार तुटलेल्या कड्यासारखा दिसू लागतो. त्याला प्रकाशनाची घाई होती. तरीही वनखात्याच्या परवानगीने मधले नमुने आले, तेव्हा दोन पुंजक्यांच्या जागी एक सलग पट्टा उरला आणि ते नाव खोडावे लागले. म्हणून कोणताही आलेख पाहण्याआधी मी नमुन्यांचा नकाशा मागतो आणि त्यातल्या रिकाम्या जागांवर पेन्सिलीने खुणा करतो. सह्याद्रीची रांग तोडणाऱ्या पालघाट खिंडीसारखा खरा अडथळा मध्ये असला तरी ही शिस्त सोडू नये. दक्षिण सह्याद्रीच्या उंच डोंगरांवरच्या शोला जंगलांतल्या पक्ष्यांसाठी 2017 मध्ये शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला हे दोन नवे जीनस (प्रजातींचे गट) मांडले गेले, तेही जनुकांच्या जोडीला शरीराची मापे, पिसांचे रंग आणि गाणे तपासूनच.

दुसरी चूक म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या भागांच्या) एकाच जनुकावर अख्खी प्रजाती उभी करणे. हा डीएनए केवळ आईकडून येतो आणि जुन्या संकरातून दुसऱ्या प्रजातीत शिरून तिथेच टिकू शकतो. रक्ताचे नमुने असतील तर धोका वाढतो, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते आणि मायटोकॉन्ड्रिया कमी असतात. परिणामी केंद्रकात पूर्वी शिरलेल्या मायटोकॉन्ड्रियल तुकड्यांच्या नकलाच खरे जनुक म्हणून वाचल्या जातात. जनुकाच्या क्रमात मध्येच स्टॉप कोडॉन (‘इथे थांबा’ अशी खूण) दिसला, तर तो नमुना मी बाजूला ठेवतो आणि शक्य असल्यास स्नायूच्या ऊतीवरून पुन्हा तपासायला सांगतो.

‘दोन टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती’ हे सूत्र वापरू नका. युरोपातला काळा कावळा आणि राखाडी अंगाचा हूडेड कावळा यांच्या जीनोममधला फरक अत्यल्प आहे आणि तो मुख्यतः एका गुणसूत्राच्या छोट्या भागात एकवटलेला आहे, तरी पक्षी-प्रजातींच्या बहुतेक याद्या त्यांना वेगळे ठेवतात. उलट रेडपोल या उत्तरेकडच्या छोट्या पक्ष्यांचे रंग आणि चोची एका उलटलेल्या गुणसूत्रखंडाशी निगडित असल्याचे कळल्यावर 2024 मध्ये त्यांच्या तीन प्रजाती एकत्र करण्यात आल्या.

एकाच घरट्यातली पिल्ले स्वतंत्र नमुने म्हणून मोजू नका. पुण्याच्या वेताळ टेकडीवर हिवाळ्यात पकडलेल्या ग्रीनिश वॉर्बलर या स्थलांतरित पक्ष्यावरून त्याच्या विणीच्या प्रदेशातल्या सीमा आखू नका.

सॉफ्टवेअरने ‘दोन’ सांगितले म्हणून दोन प्रजाती मानणे हा आडमार्ग मला सर्वांत खटकतो. मल्टिस्पीशीज कोअलेसंट ही अनेक जनुकांच्या वंशावळींवरून समूह वेगळे काढणारी पद्धत प्रजाती आणि निव्वळ स्थानिक समूह यांत भेद करत नाही, हे सुकुमारन आणि नोल्स या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवून दिले आहे. झूथेरा सलीमअली या 2016 मध्ये वर्णन झालेल्या हिमालयी कस्तुराच्या बाबतीत गाण्यातला फरक आधी अरुणाचलात कानांवर पडला आणि डीएनए नंतर तपासला गेला. एका समूहाचे गाणे दुसऱ्या समूहाच्या नराला ऐकवून तो प्रतिसाद देतो का, हे पाहण्यात विणीचा एक हंगाम जातो, आणि तो द्यावाच लागतो.