ॲसिड मरतं कशानं, आणि त्याला जगवायचं कसं

भाचेराव, रिफायनरीत आल्किलेशन युनिटवर लागलास, ताईनं सांगितलं. अंबाजोगाईत घरी बसलो तरी २२ वर्षांच्या शिफ्टा डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितोय. सल्फ्युरिक ॲसिडच्या युनिटपुरतंच बोलतो. एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिडवाल्यांचं बरंय, त्यांचं ॲसिड युनिटातच ऊर्ध्वपातनानं साफ होतं. आपलं मळलं की बाहेर पाठवावं लागतं.

आयसोब्युटेन आणि ब्युटीन हे चार-चार कार्बनचे रेणू ॲसिडमध्ये जोडले की पेट्रोलात मिसळायला आठ कार्बनचा, चांगल्या ऑक्टेनचा माल मिळतो. पण ब्युटीनला शेजारी आयसोब्युटेन सापडलं नाही, तर ते दुसऱ्या ब्युटीनलाच चिकटतं. साखळी लांबते, मधेच तुटते. मग पाच-सहा कार्बनचा हलका माल निघतो, बारा कार्बनच्या पुढचा जडही निघतो, आणि लालसर-काळं चिकट तेल ॲसिडातच विरघळून बसतं. आम्ही त्याला लाल तेल म्हणायचो.

म्हणून ब्युटीनच्या एका भागाला ८ ते १० भाग आयसोब्युटेन ठेव आणि ढवळणं कधी मंद होऊ देऊ नकोस. तापमान ४ ते १० अंश. गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ जास्त झाला की रस करपून गूळ काळा पडतो ना, तसंच इथं १५ अंशांच्या वर लाल तेल वाढतं. फार थंड केलंस तर ॲसिड घट्ट होतं, हायड्रोकार्बनात मिसळत नाही.

आता पाणी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आणि इथं आपण पाण्याला शिव्या देतोय! पण हिशेब कर. ९८ टक्क्यांचं ॲसिड ९० वर आणायला १०० किलोला जेमतेम ९ किलो पाणी पुरतं. म्हणजे फीडमधून, आत येणाऱ्या कच्च्या मालातून, घुसलेलं एक किलो पाणी अकरा किलो ॲसिड खाऊन जातं. फीड आधी गार कर, कोअलेसरमधून, म्हणजे बारीक थेंब एकत्र करून वेगळे काढणाऱ्या भांड्यातून, पाणी काढ आणि त्याचा निचरा स्वतः उघडून बघ. नुसत्या मीटरवर विसंबू नकोस.

फीडमधलं ब्युटाडाईन आणि मर्कॅप्टन (गंधकाची संयुगं) हेही असंच ॲसिड खातात. पहिल्याला हायड्रोजन देऊन ब्युटीन करतात, दुसऱ्याला कॉस्टिक सोड्यानं धुतात. फीड कुठून बदललं ते लॉगबुकात वाचत जा. एवढंच.

सॅम्पल घेताना फेस शील्ड, ॲप्रन, लांब हातमोजे. ॲसिडची टक्केवारी मोजायच्या टायट्रेशनला ॲसिड पाण्यात घालायचं, उलट कधीच नाही. साधारण ९० टक्क्यांवर आलं की जुनं काढून ताजं भरायचं. ८७ च्या आसपास गेलं तर ऑलिफिन, म्हणजे आपलं ब्युटीन, आयसोब्युटेनला जोडायचं सोडून नुसतं एकमेकांना चिकटत सुटतं आणि ॲसिड भराभर पडतं.

माझ्याकडून तेच घडलं. रात्रपाळीत लॅबनं ८९ सांगितलं, ताज्या ॲसिडची टाकी तळाला होती, टँकर सकाळी येणार होता. म्हटलं, ओढू तोवर. पहाटे ४ ला ८७, आणि पुढच्या सॅम्पलला त्याहून खाली. तेव्हा करायचं एकच होतं: ऑलिफिन लगेच बंद, आयसोब्युटेन फिरतं ठेवायचं, टाकीत असेल तेवढं ताजं ॲसिड भरायचं. मी मात्र पाऊण तास फोनवर परवानगी मागत बसलो होतो.