बोलण्यातलं अडखळणं मोजताना

उत्स्फूर्त बोलण्याच्या अभ्यासात नवखे लोक बहुधा एकच गोष्ट आधी करतात: लिहून काढलेल्या मजकुरात ‘म्हणजे’ शोधायचं आणि जो आकडा येईल त्याला अडखळणं म्हणायचं. तसं करू नका. ‘उपास म्हणजे नुसता फराळ’ यातलं ‘म्हणजे’ अर्थाचं आहे, ‘मी म्हणजेऽऽ काल गेलोच नाही’ यातलं वेळ काढणारं. दुसऱ्यात शेवटचा स्वर लांबतो, सूर सपाट राहतो. हे कागदावर दिसत नाही, ऐकावंच लागतं.

द्विरुक्तीचंही तेच. ‘त्या त्या वेळी’ हे व्याकरण, ‘त्या त्या बाईंनी सांगितलं’ हे बहुतेकदा अडखळणं. ‘मंगळवारी, आपलं, बुधवारी’ यात चूक, दुरुस्तीची चाहूल देणारं ‘आपलं’ आणि दुरुस्ती असे तीन तुकडे आहेत. ध्वनिमुद्रणावर तिघांना वेगळ्या खुणा द्या; एकच खूण दिलीत तर पुढे ते वेगळे काढताना सगळं पुन्हा ऐकावं लागेल.

आता मुके थांबे. ‘प्रात’ (Praat) हे आवाज तपासायचं मोफत सॉफ्टवेअर शांत जागा आपोआप शोधतं. मूळ सेटिंग उणे २५ डेसिबल आणि किमान ०.१ सेकंद. यावर विसंबू नका. ‘पत्ता’, ‘पक्का’ यांतल्या जोडव्यंजनाला हवा अडते, ती शांतताही ०.१ सेकंदाच्या पुढे सहज जाते आणि थांबा म्हणून मोजली जाते. बोलण्यातल्या थांब्यांचा अभ्यास करणाऱ्या फ्रीडा गोल्डमन-आइस्लर यांनी ०.२५ सेकंदाची मर्यादा धरली ती याच कारणाने, आणि सुरुवातीला तीच बरी. दुसरी गोची: डेसिबलची पातळी फाईलमधल्या सर्वांत मोठ्या आवाजावरून ठरते. मध्येच कोणी खदाखदा हसलं की वाक्यांची हळू पडलेली टोकं ‘शांत’ ठरतात. हसू कापून मग चालवा.

थांब्यानंतर क, त, प आला तर थांबा कुठे संपला हे ध्वनिचित्रावरून, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून, कळूच शकत नाही; या व्यंजनांची सुरुवातही शांतच असते. स्फोटापूर्वीचे (अडलेली हवा सुटते त्या क्षणाआधीचे) ०.०५ सेकंद व्यंजनाला द्यायचे असं ठरवा आणि सगळीकडे तेवढेच द्या. श्वासाला वेगळी खूण हवी.

नुसती बेरीज फारशी कामाची नसते. थांबा वाक्यांच्या मध्ये आला की ‘त्याच्या’ आणि ‘घरी’ यांच्या मध्ये, हे नोंदवा. दुसऱ्या प्रकारात शब्द सापडत नसण्याची शक्यता जास्त.

दहा टक्के ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणाकडून खुणावून घ्या, कोहेनचा कप्पा (kappa, दोघांच्या खुणा किती जुळतात याचं माप) काढा. मतभेद बहुधा ‘आणिऽऽ’ आणि त्याला चिकटून आलेल्या ‘अं’वर होतात.