गहू आणि पितळ सारखेच पडतात का? समतुल्यतेचे तत्त्व घरी आणि अवकाशात कसे तपासावे

वस्तू कोणत्याही पदार्थाची असो, गुरुत्वाकर्षणाखाली ती सारख्याच त्वरणाने पडते, असे समतुल्यतेचे तत्त्व सांगते आणि आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत त्यावरच उभा आहे. गच्चीवरून वस्तू टाकून हे तपासू नये, कारण दहा मीटर पडायला जेमतेम १.४ सेकंद लागतात. लंबकाचे आंदोलनही याच त्वरणावर ठरते आणि बारीकसा फरकही आंदोलनागणिक साठत जातो, म्हणून न्यूटनने त्यासाठी लंबक वापरला आणि सोने, चांदी, शिसे यांच्या जोडीला चक्क गहूही तपासला.

सारख्या आकाराचे दोन स्टीलचे डबे घ्यावेत. एकात गहू गच्च भरावा. दुसऱ्यात नागपूरच्या इतवारी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पितळी नट तितक्याच वजनाचे घेऊन थर्माकोलमध्ये मधोमध घट्ट बसवावेत, म्हणजे हवेचा अडथळा दोघांना सारखाच होईल आणि गुरुत्वमध्यही एकाच उंचीवर राहील. नायलॉनचा दोरा ताणला जातो, म्हणून बारीक पोलादी तारेने ते स्लॅबच्या हुकांना टांगावेत आणि हुकापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर दोन मीटर ठेवावे. पंखा आणि कूलर बंद हवेत. नागपुरात मे महिन्यात हे कोणी मान्य करणार नाही, तेव्हा हिवाळ्यातली सकाळ निवडावी.

दोन्ही डबे दहा सेंटिमीटर ओढून एकदम सोडावेत. एका आंदोलनाला सुमारे २.८४ सेकंद, म्हणजे शंभर आंदोलनांना पावणेपाच मिनिटे लागतात. तोवर पडलेला फरक एका आंदोलनाच्या दहाव्या भागाहून कमी असेल, तर आंदोलनकाळ हजारात एक भागापर्यंत आणि त्वरण पाचशेत एक भागापर्यंत सारखे ठरते. तारेच्या लांबीत एक मिलिमीटरचा फरक असला, तरी शंभर आंदोलनांत एका आंदोलनाच्या चाळिसाव्या भागाइतका फरक पडतो. म्हणून डब्यांतील पदार्थांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा: जो फरक तारेपाशीच राहतो तो लांबीचा, आणि जो पदार्थाबरोबर जातो त्याचाच पुढे विचार करायचा. माझ्या मते सगळ्या प्रयोगाचे मर्म या अदलाबदलीत आहे.

फ्रेंच अवकाश संस्थेच्या 'मायक्रोस्कोप' उपग्रहातही अशीच काळजी घेतली होती. एप्रिल २०१६ मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे ७१० किलोमीटर उंचीवर फिरत होता. तिथे गुरुत्वाकर्षण नसते हा समज चुकीचा आहे, कारण ते जमिनीवरच्या सुमारे ८१ टक्के असते; फरक इतकाच की तिथले मुक्त पतन महिनोन्महिने चालते. एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांपैकी एक प्लॅटिनमच्या आणि दुसरे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे होते. शिवाय दोन्ही नळकांडी प्लॅटिनमचीच असलेली आणखी एक जोडी होती, कारण त्या जोडीत दिसणारा फरक उपकरणाचाच असणार. विरळ हवेचा अडथळा वायूच्या बारीक झोतांनी भरून काढला जाई, आणि नळकांडी जागेवर ठेवायला लागणाऱ्या विद्युतबलांची तुलना करून पतनातला फरक शोधला जाई. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निकालात, एकावर पंधरा शून्यांत दोन-तीन भाग एवढ्या अचूकतेपर्यंत फरक आढळला नाही.

आपल्या वहीतही 'दोन्ही सारखेच पडतात' असे न लिहिता, कितव्या भागापर्यंत फरक दिसला नाही ते लिहावे, आणि मनसरकडचे मँगनीजचे खनिज मिळाल्यास गव्हाच्या जागी ते भरून पाहावे.