भट्टीवरचा पिझ्झा आणि तिथेच बनलेली बिअर: निघण्याआधीची तयारी

एखाद्या लहान गावात लाकडाच्या भट्टीवर पिझ्झा भाजणारी आणि स्वतःची बिअर तिथेच बनवणारी जागा असते, तिथे जायचं असेल तर सगळ्यात आधी परत कसं यायचं ते ठरवा. कुठली बिअर प्यायची हे तिथे पोचल्यावरही ठरवता येतं, परतीचं मात्र तिथे ठरत नाही. लहान गावात रात्री उशिरा टॅक्सी मिळेलच असं धरून चालू नका. शेवटची बस कितीला आहे ते बघून ठेवा, किंवा चालत जाण्याइतक्या अंतरावर मुक्काम करा. तो सगळ्यात निवांत पर्याय. स्वतःची गाडी नेणार असाल तर चालवणारा कोण हे घरातून निघतानाच पक्कं करा, आणि त्या माणसाने एक थेंबही घ्यायचा नाही. हे मी कडक शब्दांत सांगतो, कारण हिशोबच तसा आहे. ५ टक्के अल्कोहोल असलेल्या अर्धा लिटर बिअरमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर ते तासाला ढोबळमानाने ८ ग्रॅमच्या वेगाने जिरवतं. म्हणजे एका ग्लासाला अडीच तास. तीच बिअर ८ टक्क्यांची असेल तर चार तास. कॉफीने किंवा पोटभर खाल्ल्याने हे जिरवणं लवकर होत नाही.

त्यानंतर एक फोन करा. मोठ्या शहरातल्यासारखं हे ठिकाण आठवडाभर उघडं असेलच असं नाही. आठवड्याच्या सुरुवातीचे एकदोन दिवस बरेच जण बंद ठेवतात. फोनवर विचारायचं ते असं: स्वयंपाकघर कधी सुरू होतं आणि कधी बंद होतं (बिअरचे नळ चालू आणि भट्टी मात्र शांत, हे सर्रास घडतं), टेबल राखून ठेवता येतं का, लहान मुलांना आत घेतात का, कार्ड चालतं का. सहाहून जास्त माणसं असाल तर तसं आधीच सांगा. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवावं, केस पांढरे झालेल्यांनीसुद्धा, कारण काही ठिकाणी नियम म्हणून प्रत्येकाचं बघतात.

आता वेळेचं. ती भट्टीच्या सोयीने निवडा. विटांची लाकडावरची भट्टी तापायला दोन तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. पेटवल्यावर आधी तिचा घुमट आतून काजळीने काळा होतो, आणि विटा पुरेशा तापल्या की तीच काजळी जळून घुमट पांढरट दिसायला लागतो. हा रंग टेबलावरूनही दिसतो. तो पांढरा झालेला असेल तर भट्टी तयार आहे असं समजा. इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीच्या भट्टीत तळ साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि घुमट त्याहून तापलेला, त्यामुळे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. पण एका वेळी दोनचार पिझ्झेच मावतात, आणि प्रत्येक ओला पिझ्झा तळाची उष्णता ओढून घेतो. लागोपाठ लावत गेलं की तळ थंडावतो, कड फुगते पण खालची बाजू फिकी राहते. चांगला भट्टीवाला मध्ये थांबतो, निखारे तळावर पसरतो, परत बाजूला लोटतो आणि मगच पुढचा पिझ्झा आत सारतो. म्हणून ऐन गर्दीत तुमचा पिझ्झा पाऊण तास आला नाही तर त्याला घाई करू नका, तो तुमच्याच भल्याचं करतोय. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघर उघडल्यानंतर तासाभराने पोचावं. भट्टी रंगात आलेली असते आणि गर्दी अजून जमायची असते.

फार उशिरा जाण्यातही धोका आहे. पिठाचे गोळे आदल्या दिवशी, कधी त्याच्याही आदल्या दिवशी मळून आंबायला ठेवलेले असतात. ते संपले की त्या दिवसापुरता पिझ्झा संपला, नवे करता येत नाहीत. मला तर ‘आजचं पीठ संपलं’ अशी पाटी दिसली की त्या जागेबद्दल आदरच वाटतो.

कपडे साधे घाला. भट्टीजवळ बसलात तर घाम येतो आणि धुराचा वास कपड्यांत बसतो, बाहेर अंगणात बसलात तर रात्री गारवा जाणवतो, तेव्हा वरून घालायला काहीतरी असू द्या. अत्तर, सेंट नको. तुमच्या बिअरचा वास त्यात हरवेलच, शेजारच्या टेबलाचाही हरवेल. बिअर बनवण्याची जागा बघायची असेल तर फोनवरच विचारा आणि पायात बंद, न घसरणारे बूट घाला. तिथली फरशी कायम ओली असते, आणि टाक्या धुताना कढत पाणी आणि तीव्र रसायनं वापरतात. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. सकाळी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) भिजवण्याच्या वेळी पोचलात तर गरम, गोडसर धान्याचा वास सगळीकडे भरलेला असतो. जमवता आलं तर नक्की जमवा.

पोट रिकामं ठेवून जाऊ नका. पिझ्झा खायचाय म्हणून दुपारपासून उपाशी राहायचं आणि पहिला ग्लास तसाच प्यायचा, हे सगळ्यात वाईट. दुपारी नीट जेवा आणि तिथे प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी ठेवा.

कुणाला काय चालत नाही हेही आधीच बोलून घ्या. बिअर सहसा जवाची किंवा गव्हाची असते, म्हणून ग्लुटेन (या धान्यांतलं प्रथिन) न चालणाऱ्यांसाठी ती नाहीच. पिझ्झाचा ग्लुटेनविरहित तळ मिळत असला तरी तो त्याच भट्टीत, त्याच पिठाळलेल्या तळावर भाजतात का ते विचारा. सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना तेवढंही बाधतं. शाकाहारी लोकांनी दोन प्रश्न विचारावेत: बिअर नितळ करायला माशापासून काढलेला इसिंग्लास वापरतात का, आणि वरून किसलेलं चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटचं (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याचं) आहे का. दूध न पचणाऱ्यांनी मिल्क स्टाउट या गडद, गोडसर बिअरपासून दूर राहावं, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर घातलेली असते.

पोचल्यावर भट्टी दिसेल अशी जागा मागा. लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा आगीकडे फिरवत ठेवण्याचं ते कसब बघण्यासारखं असतं. नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हे हातही आले. मग फळ्यावर काय लिहिलंय ते वाचा. एल जातीची, उबेत आंबवलेली बिअर दोनतीन आठवड्यांत तयार होते. लागर ही दुसरी जात, ती थंडीत सावकाश आंबवून पुढे आठवडेच्या आठवडे मुरवावी लागते आणि तेवढा वेळ ती टाकी अडवून ठेवते, म्हणून लहान जागांमध्ये एलचेच प्रकार जास्त दिसतात. तिथे चांगली पिल्सनर (फिकट सोनेरी लागर) असेल तर ती घ्याच. तिच्यात चूक लपवायला जागा नसते, आणि बनवणाऱ्याचा हात कसा आहे ते तिच्यावरून कळतं.

सुरुवातीला पूर्ण ग्लास नको, छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागा. हलक्यापासून सुरू करा, कडू आणि जास्त टक्क्यांच्या बिअर शेवटी. पहिला ग्लास आला की उजेडात धरून बघा. बुडबुडे मधून वर जात असतील तर ठीक. आतल्या काचेला एकाच जागी चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. शांतपणे दुसरा मागा, कुणी वाईट वाटून घेत नाही. बिअरला लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्याचा वास येत असेल, आणि ती त्या प्रकाराची खूण नसेल, तर तेही सांगा. आपल्या हातची बिअर विकणाऱ्याला हे ऐकायचं असतं.

पिझ्झा एका वेळी एकच मागवा, वाटून खा, आणि पहिला अर्धा झाला की दुसऱ्याची ऑर्डर द्या. पातळ तळ पाचसात मिनिटांत चिवट होतो, चार पिझ्झे एकदम टेबलावर आले की तीन वाया जातात. पहिला साधाच घ्या, टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीचं बेसिल. पीठ आणि भट्टी कशी आहे ते त्याच्यावरच कळतं. कडेवरचे काळे ठिपके म्हणजे जळणं नव्हे, ते या आगीचं लक्षण आहे. तळाला सलग काळा, कडवट थर असेल तर मात्र सुटं पीठ जळलेलं आहे. साध्या पिझ्झाबरोबर पिल्सनर किंवा गव्हाची बिअर, मशरूम किंवा धुरावलेल्या चीजबरोबर पोर्टर ही गडद, भाजक्या चवीची एल. तिखट पिझ्झाबरोबर कडक हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची) आयपीए ही कडू एल घेऊ नका, कडूपणा आणि फेस तिखटाची आग वाढवतात. माल्टचा गोडवा असलेली तांबूस बिअर घ्या.

घरी बिअर न्यायची असेल तर गाडीत बर्फाचा डबा ठेवा. ग्राउलर (बिअर घरी न्यायची मोठी बाटली) तुमच्यासमोर थंड नळावरून भरून घ्या, झाकण घट्ट लावून घ्या, डिकीत उभा ठेवा. बिअरला ऊन लागू देऊ नका, हॉप्सची चव उजेडात बिघडते. घरी आल्यावर सरळ फ्रीजमध्ये. न उघडता काही दिवस ती चांगली राहते, पण एकदा उघडली की एकदोन दिवसांत संपवायची, म्हणून ग्राउलर किती मोठा घ्यायचा ते घरी पिणारे किती आहेत यावरून ठरवा.