थ्रिलरचं ओपनिंग केलंय? मग 'कसं वाटलं?' विचारू नका

मीडियाच्या अभ्यासक्रमात थ्रिलर फिल्मचं दोन मिनिटांचं ओपनिंग करायचं असेल, तर शूटिंगइतकीच तयारी फीडबॅकची ठेवा. बहुतेक ग्रुप फायनल कट झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकतात आणि 'एक नंबर', 'भारीच' गोळा करतात. वाचून बरं वाटतं, पण एडिटिंगला बसल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. दाखवायचा तो रफ कट, म्हणजे एडिटिंगचा पहिला कच्चा खर्डा. तेव्हाच बदलायला वाव असतो.

आमच्या ओपनिंगमध्ये जुन्या वाड्यात एकटी राहणारी बाई आतून कडी लावते, चहा करते आणि कॅमेरा ओट्यावरच्या दोन कपांवर थांबतो. घरात आणखी कुणीतरी आहे, एवढंच पोचवायचं होतं. आम्ही प्रश्न ठेवला, 'पुढे काय होईल?' बऱ्याच जणांनी लिहिलं, भूत दिसेल. कप फारसे कुणाच्या लक्षातच राहिले नव्हते. जिन्यातल्या शॉटखाली टाकलेल्या घुमणाऱ्या आवाजानं सगळा संशय तिकडे ओढला होता. 'आवडलं का?' विचारलं असतं, तर याच मंडळींनी हो म्हटलं असतं आणि आमची थ्रिलर हॉररकडे झुकलीय हे कळलंच नसतं. तो आवाज काढून आम्ही फक्त गॅसचा आणि रस्त्यावरचा आवाज ठेवला आणि कपांचा शॉट लांबवला. पुढच्या वेळी उत्तरं आली: 'ती कुणाला तरी लपवतेय.' आम्हाला हेच हवं होतं.

प्रेक्षक जे लिहितो त्याहून जास्त त्याचं शरीर सांगतं. 'जॉज' या शार्कवरच्या थ्रिलरच्या (1975) चाचणी खेळांनंतर दिग्दर्शक स्पीलबर्गला प्रेक्षकांची आणखी एक किंकाळी हवी होती. त्यासाठी बुडालेल्या बोटीतून मुंडकं बाहेर येतं तो शॉट त्यानं एडिटर व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये नव्यानं घेतला. तुम्हीही पडद्याकडे पाठ करून बसा आणि बघणाऱ्यांचे चेहरे बघा. कोण कितव्या सेकंदाला पुढे सरकलं, कुणाचा हात मोबाइलकडे गेला, ते टाइमकोडसकट लिहून ठेवा.

पहिल्यांदा बघणारा माणूस एकदाच मिळतो. म्हणून सगळ्यांना एकाच कटवर खर्च करू नका. निम्मे लोक सुधारलेल्या कटसाठी राखून ठेवा. स्क्रिप्ट वाचलेले मित्र यात धरायचे नाहीत. गटाला दाखवत असाल, तर चर्चेआधी प्रत्येकाकडून उत्तर लिहून घ्या. नाहीतर पहिला जो बोलतो, बाकीचे त्याचीच री ओढतात. आवाजाबद्दल विचारायचं असेल तर हेडफोन द्या. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत.

आणखी एक. कंटाळा कुठे आला हे प्रेक्षक अचूक सांगतो, पण त्यावर तो सुचवतो तो उपाय जसाच्या तसा उचलू नका. 'म्युझिक वाढवा' असं कुणी म्हटलं की मी आधी तो शॉट अर्धा सेकंद कापून बघते. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

रिपोर्टमध्ये नुसते पाय चार्ट चिकटवू नका. जुना आणि नवा कट दोन्ही जपून ठेवा, कुठल्या प्रतिसादामुळे कुठला शॉट बदलला ते लिहा. आणि जो फीडबॅक मानला नाही, तो का मानला नाही, हेही लिहा.